बाळाच्या अंगाला लावायचं कमी, सुकवायचं जास्त

ताई, नमस्कार. मी लालबागला चाळीत राहते. पहिलंच बाळ, मुलगी, आज २४ दिवसांची झाली. सिझर झालं, टाक्यांसाठी मला अँटिबायोटिक्स चालू होती. माझी आई नाही, म्हणून सासूबाई चिपळूणहून बाळंतपणाला आल्यात. दुसऱ्या दिवशी बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले होते, ते आपोआप गेले. पण आता एकामागून एक चालूच आहे. गालांवर-कपाळावर बारीक पुळ्या, मानेच्या वळ्यांत आणि पाठीवर लाल पुरळ, टाळूवर पिवळ्या खपल्या. आणि गेल्या आठवड्यापासून लंगोटाची जागा लालभडक झालीय. जांघेच्या घडीतसुद्धा लाल आहे आणि कडेने बारीक लाल ठिपके आहेत. शू झाली की किंचाळते. खालच्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. ती लावली की दोन दिवस उतरतं आणि परत येतं. सासूबाई म्हणतात, अंग नीट चोळलं नाही म्हणून हे होतंय. मसुराचं पीठ, हळद, साय लावून रगडायचं, मग धुरी द्यायची, मग पावडर. मिस्टर म्हणतात एसी लावू. पावसामुळे लंगोट वाळत नाहीत. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या की माझ्या खाण्यातली उष्णता दुधातून बाळाला बाधते, म्हणून मी नुसता वरणभात खातेय. माझं नक्की काय चुकतंय?
— एक आई, लालबाग

अगं,

तुझ्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींत मला घाई वाटली ती त्या ट्यूबची, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ट्यूब हातात घे आणि मागची बारीक अक्षरं वाच. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आपल्याकडे मेडिकलच्या काउंटरवरून सर्रास दिली जाणारी बरीच क्रीम अशी असतात: एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टेरॉइडमुळे लाली पटकन उतरते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण खाली बुरशी असेल तर ती तशीच राहते, उलट फोफावते, आणि लावणं थांबवलं की दुप्पट जोराने वर येते. दोन दिवस उतरतं आणि परत येतं, असं तू लिहिलंस, ते याच्याशी अगदी जुळतं.

नवजात बाळाच्या बाबतीत याची काळजी जास्त वाटते. बाळाचं वजन लहान आणि त्या मानाने अंगाची त्वचा खूप, त्यामुळे बाहेरून लावलेलं औषध मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात आत जातं. त्यात लंगोट किंवा डायपर बांधून जागा बंद केली की ते आणखी मुरतं. तिथली त्वचा पातळ होते, आणि बराच काळ लावत राहिलं तर शरीराच्या स्वतःच्या संप्रेरकांवरही परिणाम होतो. असं नाव त्या ट्यूबवर असेल तर आजपासून लावणं बंद कर. पण फेकू नकोस. पिशवीत टाक आणि बाळाबरोबर डॉक्टरांकडे ने, म्हणजे आधी काय लावलंय ते त्यांना कळेल. तुला परळचं वाडिया बालरुग्णालय आणि केईएम दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. सकाळच्या ओपीडीला जा. उद्याच जा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

लंगोटाच्या जागी येणाऱ्या लालीचे साधारण दोन प्रकार बघायला मिळतात, आणि त्यांतला फरक प्रत्येक आईला माहीत असायला हवा असं मला वाटतं. साधी लाली शू-शीच्या स्पर्शाने येते, म्हणून ती जिथे ओलं टेकतं तिथे असते: कुल्ल्यांवर, मांड्यांच्या फुगीर भागावर. आतल्या घड्या बहुतेक वेळा स्वच्छ राहतात. बुरशीची लाली मात्र घडीत शिरते. रंग गडद लालभडक असतो, कड ठळक असते आणि कडेच्या बाहेर बारीक लाल ठिपके सांडल्यासारखे दिसतात. तू जे लिहिलंस ते वाचून मला बुरशीचा संशय येतो. तुला अँटिबायोटिक्स चालू होती हेही त्यात बसतं, कारण अशा औषधांनी बुरशीला आवरणारे नेहमीचे जंतू कमी होतात. तरी पत्रावरून निदान होत नाही, ते डॉक्टर डोळ्यांनी बघूनच करतील.

जाण्याआधी दोन गोष्टी बघून घे. उजेडात बाळाचं तोंड उघडून जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे ठिपके आहेत का ते बघ. दुधाचा थर ओल्या मऊ कपड्याने निघतो, बुरशीचा चिकटून राहतो. ओढून काढायचा प्रयत्न करू नकोस, रक्त येईल. दुसरं, पाजताना किंवा पाजून झाल्यावर तुझ्या स्तनाग्रांना आग होते का, ती लाल-चकचकीत झालीत का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांग, कारण मग तुम्हा दोघींना एकाच वेळी औषध लागतं. नाहीतर तुझ्याकडून तिला आणि तिच्याकडून तुला असं ते फिरत राहतं. अंगावरचं पाजणं मात्र थांबवायचं नाही. बुरशीचं क्रीम मिळालं की सांगितलेले सगळे दिवस लाव. लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून दिलं की ती परत येते.

आता ही जागा मुळात का हुळहुळी होते ते सांगते, कारण ते कळलं की काय करायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही. जन्मताना बाळाच्या त्वचेवरची आम्लता फार कमी असते. पहिल्या काही आठवड्यांत ती हळूहळू वाढते आणि तीच त्वचेचं जंतूंपासून रक्षण करते. शू आणि शी एकत्र बराच वेळ राहिली की शूमधून अमोनिया तयार होतो आणि ही आम्लता मोडते. मग शीमधले पाचक रस जागे होतात आणि आधीच ओलसर, फुगलेल्या त्वचेवर काम करू लागतात. म्हणजे ओल, शी आणि घर्षण या तिन्हींची गाठ पडली की लाली येते. आपण करायचं ते एवढंच, की ही गाठ पडू द्यायची नाही.

शी झाली की लगेच बदल, मग झोप मोडली तरी चालेल. नुसती शू असेल तर लंगोट ओला झाल्या झाल्या, आणि डायपर असेल तर दर दोन-तीन तासांनी. पुसायला कोमट पाणी आणि कापूस किंवा जुन्या धोतराचा मऊ तुकडा. मुलगी आहे, म्हणून नेहमी पुढून मागे पुसायचं. सुवासिक ओले वाइप्स सध्या लांब ठेव, लाल झालेल्या जागेवर ते झोंबतात. साबण दर वेळी नको, घट्ट शी चिकटली असेल तेव्हाच अगदी थोडा. पुसताना घासू नकोस, टिपून घे. आणि मग सगळ्यात गुणकारी आणि फुकटचं औषध: उघडं ठेवणं. खाली दुपट्याच्या दोन घड्या घाल, बाळाला त्यावर निजव, वर पंखा मंद चालू दे. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं अशी उघडी हवा मिळाली तर फरक दिसतो. अंथरूण भिजेल. भिजू दे.

जागा पूर्ण सुकली की वर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर द्यायचा. बुरशीचं क्रीम चालू असेल तर आधी ते पातळ लावायचं आणि थोड्या वेळाने त्यावर झिंकचा थर. झिंक नसेल तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली चालते. पुढच्या वेळी बदलताना हा सगळा थर खरवडून काढायचा नसतो. वरची शी टिपून घे, खालचं पांढरं तसंच राहू दे, वरून नवं लाव. बाळ स्वच्छ दिसावं म्हणून आपण ते रगडून काढतो आणि नेमकी नवी आलेली कातडीच त्याबरोबर निघून जाते.

पावडर अजिबात नको. टाल्कम असो की मक्याच्या पिठाची, ती हवेत उडते आणि बाळाच्या श्वासात जाते. वळीत साचून ओलसर गोळा होतो आणि तोच घासतो. बोरिक पावडर अजून काही घरांत जुन्या डबीत असते. ती त्वचेतून आत जाऊन बाळाला विषबाधा करू शकते, म्हणून घरात असेल तर आजच टाकून दे.

आता लंगोट. मुंबईच्या पावसात दोन खोल्यांच्या घरात तान्ह्या बाळाचे लंगोट वाळवणं हे केवढं काम आहे ते मला ठाऊक आहे. गॅलरीतली दोरी, घरातली दोरी, खुर्चीची पाठ, सगळीकडे लंगोट आणि तरी सकाळी हाताला गार लागतात. गार लागणारा लंगोट म्हणजे ओला लंगोट. बांधायच्या आधी तो स्वतःच्या गालाला लावून बघ, हातापेक्षा गालाला ओल पटकन कळते. इस्त्री हा पावसाळ्यातला खरा उपाय आहे. शेवटची ओल निघते आणि उष्णतेने बुरशीही मरते. मिस्टरांना बाळासाठी काहीतरी करायचंय ना, म्हणून ते एसीचं म्हणतायत. त्यांना रोज रात्री लंगोटांना इस्त्री करायचं काम दे. खरंच दे.

धुताना साबण किंवा डिटर्जंट थोडाच घे आणि दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढ. कपड्यात राहिलेला साबण शूने भिजला की त्वचेला लागतो. शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, आणि वासाचं कंडिशनरही हल्ली असतं. दोन्ही बंद कर. लंगोटावरून प्लास्टिकची चड्डी घालायची नाही. आणि रात्री डायपर घालायला काहीही हरकत नाही. आजकाल दोन टोकं दिसतात, कुणी दिवसभर डायपर काढत नाही तर कुणी डायपर म्हणजे पापच समजतं. चांगला शोषणारा डायपर वेळेवर बदलला तर तो ओल्या लंगोटापेक्षा बरा. घट्ट आवळू नकोस, कंबरेशी बोट सहज जाईल एवढा सैल ठेव.

कपड्यांचं निघालंच आहे तर एक विचारते. सासूबाईंनी गावाहून जुनी झबली, कुंची, दुपटी आणली असतील. ती ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली होती का? हे मी सगळ्यांना विचारते, कारण त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन कपड्यांतून आणि त्वचेवाटे बाळाच्या रक्तात जातं, आणि अंगाला तेल लावलेलं असेल तर जास्तच. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. असं बाळ वरून बघून ओळखता येत नाही. डांबरगोळ्यांचा वास येणारे कपडे आत्ता घालू नकोस. पुन्हापुन्हा धुऊन, उन्हात टाकून वास पूर्ण गेला तरच वापरायचे, आणि या पावसात ऊन कुठलं? तोवर दुसरे कपडे वापर. कापूरही बाळाच्या कपड्यांत किंवा अंगाला नको, आणि कापूर असलेले बाम तर नाहीच नाही.

मानेवरचं आणि पाठीवरचं पुरळ म्हणजे घामोळं. नवजात बाळाच्या घामाच्या बारीक नळ्या अजून पुरत्या तयार नसतात, त्या पटकन तुंबतात आणि घाम आतच अडकतो. त्यातून आपली मुंबईची दमट हवा, आणि बाळाला टोपरं, हातमोजे, पायमोजे, वर दुपट्यात घट्ट गुंडाळी. पंखा बंद, खिडकी बंद. सासूबाईंची भीती मला कळते. चिपळूणच्या पावसाळ्यात रात्री गारठा असतो, त्यांनी त्या घरात बाळं वाढवलीत. पण चाळीतल्या बंद खोलीत जुलै महिन्यात पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला एक सुती बाह्यांचं झबलं आणि लंगोट पुरे. पंखा चालू दे, फक्त तोंडावर थेट झोत नको. मिस्टरांना एसी लावायचाच असेल तर २५-२६ वर ठेवा आणि गार झोत बाळावर येऊ देऊ नका. बाळाला थंडी वाजतेय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते बाळांचे गारच असतात. छातीला किंवा मानेमागे हात लावा. तिथे ऊबदार आणि कोरडं असेल तर ठीक. घाम लागत असेल तर एक कपडा उतरवा. तुझं बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. तशा बाळांना ऊब लागते, आणि त्यांच्या आयांनी हे वाचून कपडे कमी करू नयेत, डॉक्टरांना विचारावं.

मानेच्या वळ्यांकडे रोज मुद्दाम लक्ष दे. दूध ओघळतं, तिथे साचतं, आंबतं. दूध पाजून झालं की हनुवटी अलगद वर करून वळी उघड, ओल्या कापसाने पुस, कोरड्याने टिप. काखा आणि कानामागची जागाही अशीच. घामोळ्यावर तेल, मलम, पावडर काहीच लावायचं नाही, जे लावशील ते नळ्या आणखी बंद करेल. हवा मिळाली की ते दोन-तीन दिवसांत बसतं.

चेहऱ्यावरच्या पुळ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांना काही करायचंच नाही. दोन ते चार आठवड्यांच्या बऱ्याच बाळांना त्या येतात आणि काही आठवड्यांत, फार तर तीन-चार महिन्यांत जातात. फोडू नकोस, पिळू नकोस. दुसऱ्या दिवशी आलेले लाल चट्टेही असेच. पूर्ण दिवसांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना ते येतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत विरून जातात. नाकावर पांढरे बारीक दाणे असतील तर तेही आपले आपण जातील.

आणि यातल्या कशाचाही तुझ्या दुधाशी काही संबंध नाही. मालिशवाल्या मावशींचा अनुभव मोठा असेल, पण तुझ्या जेवणातली उष्णता दुधातून उतरून घामोळं येत नाही. तुझं पोटाचं ऑपरेशन झालंय, तू अंगावर पाजतेस, आणि नुसता वरणभात खातेस हे वाचून मला वाईट वाटलं. आज पोटभर जेव. भाकरी, पालेभाजी, उसळ, अंडं, मासे, घरात जे शिजतं ते सगळं खा.

टाळूवरच्या पिवळ्या खपल्या दिसायला घाण वाटतात, पण बाळाला त्या खाजत नाहीत की दुखत नाहीत. अंघोळीआधी अर्धा तास थोडं तेल लावून त्या मऊ कर, मग बाळाच्या सौम्य साबणाने धू आणि मऊ ब्रशने हलकेच विंचर. नखाने उपटायच्या नाहीत. आपल्याकडे टाळू भरताना तेल दिवसभर थापून ठेवतात. खपल्या असताना ते नको. साचलेल्या तेलावर तिथली बुरशी वाढते आणि खपल्या जास्त घट्ट बसतात. लावा, पण धुऊन टाका.

आता सासूबाई. पत्रात हाच भाग तू सगळ्यात कमी लिहिलास आणि मला वाटतं, तुला सगळ्यात जड हाच जातोय. त्या चुकीच्या हेतूने काही करत नाहीयेत. त्यांना बाळाला हात लावायचाय, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून सरसकट नाही म्हणू नकोस. पीठ थांबव आणि मालिश त्यांच्याकडे दे.

पीठ का नको, ते त्यांना असं सांग. बाळाची वरची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते आणि अजून घट्ट विणली गेलेली नसते. मसुराचं पीठ कितीही बारीक दळलं तरी ते खरखरीत असतं. ते रगडलं की डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांतून जंतू आत शिरतात. अंगावरची लव काढायला कणकेचा गोळा फिरवतात त्याचंही तेच. ती लव काही आठवड्यांत स्वतःहून झडते. रंग उजळायचा प्रश्नच नाही. रंग जन्मतः ठरलेला असतो, आणि तुझी मुलगी आहे त्या रंगात सुंदर आहे. हळद आणि सायही हुळहुळ्या जागेवर नकोच.

मालिशीला खोबरेल तेल वापरा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या मालिशीवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या कमी दिवसांच्या बाळांचं वजन खनिज तेलाच्या मालिशीपेक्षा चांगलं वाढलेलं दिसलं. हे सासूबाईंना वाचून दाखव. कोकणातल्या बाईला खोबरेल तेलाचं कौतुक मुंबईच्या डॉक्टरांनी केलेलं नक्की आवडेल. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, त्यांनी त्वचेचं संरक्षक आवरण कमजोर होतं असं दिसून आलंय. मालिश अंघोळीआधी, हलक्या हाताने, दहा मिनिटं, आणि नंतर तेल धुऊन जायला हवं. जिथे पुरळ आहे ती जागा सोडायची. नाकात, कानात, बेंबीत तेल घालायचं नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि त्याने न्युमोनिया होतो. आणि बाळाची छाती फुगलेली दिसली तर ती पिळून दूध काढायचं नाही, हे मावशींना स्पष्ट शब्दांत सांग. ती सूज आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे असते, आपोआप उतरते. पिळल्याने गळू होतं आणि मग चीर द्यावी लागते.

धुरीबद्दल मी तडजोड सुचवणार नाही. बंद खोलीत निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, धूप काहीही टाकलं तरी तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो, आणि निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. धुरीने अंग सुकवायचं असतं असं सासूबाई म्हणतील. अंग सुकवायला मऊ पंचा आहे. ते काम त्यांना द्या: अंघोळ झाली की बाळाला मांडीवर घेऊन मानेची वळी, काखा, जांघा, बोटांच्या मधल्या फटी, सगळं एकेक करून टिपणं. हे काम सावकाश आणि मन लावून करावं लागतं, आणि सध्या तुझ्या बाळाला याच कामाची सगळ्यात जास्त गरज आहे.

अंघोळ पाच-सात मिनिटांत उरका, पाणी कोपराला कोमट लागेल एवढंच. रोज घातली तरी चालेल, साबण मात्र रोज नको. साबण घेताना बिनवासाचा, सौम्य, साडेपाचच्या आसपास पीएच (आम्लतेचं माप) असलेला बघा. नाळ पडून बेंबी कोरडी झाली असेल. अजून ओलसर असेल, लाल असेल किंवा वास येत असेल तर उद्या तीही दाखव. बारशाला घातलेला करदोटा, मनगट्या, काळे मणी सध्या काढून ठेवा. दोऱ्यात ओल राहते आणि खाली रेघ उमटून कातडी सोलवटते. सासूबाईंचं मन राखायचं असेल तर तीट पायाच्या तळव्याला लावू देत, पण डोळ्यांत काजळ नको. त्यात शिसं असू शकतं.

उद्याची वाट न पाहता लगेच दवाखाना कधी गाठायचा तेही लिहून ठेव, कागद भिंतीला चिकटव. बाळाच्या काखेत ताप ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, किंवा अंग ३५.५ च्या खाली गार पडलं असेल. बाळ ओढून पीत नसेल, फार झोपाळलेलं किंवा ढिलं पडलेलं वाटत असेल. पू भरलेल्या पुळ्या दहा किंवा त्याहून जास्त असतील, किंवा एखादं मोठं गळू असेल. पाण्याने भरलेले फोड घोळक्याने उठले असतील, भाजल्यासारखी कातडी सुटत असेल. बेंबीची लाली पोटावर पसरत असेल. तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील. दाबल्यावर फिके न पडणारे जांभळट ठिपके असतील. यांतलं काहीही दिसलं तर रात्र आहे, पाऊस आहे, असं म्हणत थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

अजून एक, नाहीतर येत्या काही दिवसांत तू पुन्हा घाबरशील. जन्मल्यावर बाळाला डाव्या दंडावर बीसीजीची लस दिली असेल. ती दिल्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत तिथे एक लाल गाठ येते. पुष्कळदा ती पिकते, पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत छोटा व्रण ठेवून बरी होते. ती लस लागू पडल्याची खूण आहे. तिच्यावर मलम, हळद, तेल काही लावायचं नाही, शेकायचं नाही, दाबायचं नाही, आणि मालिश करताना तो दंड सोडायचा. हे सासूबाईंना आणि मावशींना आत्ताच सांगून ठेव. काखेत गाठ सुजून मोठी झाली तर मात्र दीड महिन्याच्या लसीला जाशील तेव्हापर्यंत थांबू नकोस, आधीच दाखव.

तुझी,
ताई